अ‍ॅव्हरिल व्हिटबीला राहते

माझ्या भावजयीचं डोकं कादंबऱ्या वाचून फिरलं, असं आमच्या चॅपलमधल्या बायका अजून म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या तोंडाला कोण लागणार? त्यातल्या निम्म्याजणी उशीखाली काय ठेवून झोपतात ते मला ठाऊक आहे, कारण वाचनालयाच्या दारात त्या मला भेटत आणि मी दिसले की लगबगीने शेजारच्या दुकानातल्या रिबिनी बघायला लागत. पण सेलिनाचं काय झालं ते मी समोर बसून पाहिलंय, म्हणून मी सांगते. बाकीच्यांनी नुसतं ऐकलंय.

मी टॅबिथा गार्साइड. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही असं नाही, एकाने विचारलं होतं, पण तो जेवताना बोलायचा आणि बोलताना जेवायचा. मग धाकट्या भावाचं, ईनॉकचं घर सांभाळत राहिले. ईनॉकचा लोकरीचा व्यापार आहे आणि चॅपलमध्ये तो डीकन आहे, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. तो वाईट माणूस नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे बोलता बोलता मला त्याचा राग येणार आहे.

आमच्या घरात कादंबरी येत नसे. वडिलांच्या वेळेपासूनचा नियम. कादंबरी म्हणजे छापलेलं खोटं, आणि खोटं ते खोटंच, मग त्याला सोनेरी कडा लावा नाहीतर चामड्याची बांधणी करा. टेबलावर प्रवचनांचे खंड, मिशनऱ्यांच्या हकिकती आणि चॅपलचं मासिक. 'कादंबरी' हा शब्दसुद्धा नोकरमाणसांसमोर उच्चारायचा नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मी त्यातच वाढले.

सेलिना मात्र स्कारबरोच्या कापडवाल्याची मुलगी. त्या घरात सगळे वाचत, बाप तर जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवी म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने ती आमच्याकडे पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी असायची. मला ती मुळीच आवडली नव्हती. सारखं खिडकीबाहेर बघायची, आणि बाहेर काय तर गिरण्यांचा धूर. मग एका धुण्याच्या दिवशी मागच्या खोलीत गेले, तर बाईसाहेब पिळलेल्या चादरींच्या ढिगाआड बसून पुस्तक वाचतायत. मला बघून पांढरीफटक पडली. मी ते हिसकावून घेतलं. ईनॉकला दाखवायचंच असं ठरवलं होतं. पण दाखवायच्या आधी त्यात नेमकी घाण काय आहे ते आपल्याला माहीत हवं, म्हणून उभ्याउभ्या एक पान वाचलं. मग स्टूल ओढून घेतलं. संध्याकाळी चादरी वाळून खडखडीत झाल्या तरी मी तिथेच होते. त्या पोरीला हसू आवरेना. 'पुढचा भाग मिळवून देऊ का?' म्हणाली.

पुढचा भाग मीच आणला. तेव्हापासून सगळे मीच आणू लागले. माझा चेहरा असा आहे की माझ्या टोपलीत कुणी काही शोधणार नाही. वरती कोबी, खाली पुस्तक.

आता त्या पुस्तकांचं असं की प्रत्येक कादंबरी तीन भागांत यायची, आणि आमच्या वर्गणीत एका वेळी एकच भाग घरी नेता यायचा. कुणीही शहाणं माणूस पहिला भाग मागेल. सेलिना तिसरा मागायची. आधी शेवट, मग सुरुवात, मग मधलं. मला हे अगदीच अडाणीपणाचं वाटे. विचारलं तर म्हणाली, या लिहिणाऱ्यांच्या प्रत्येक गोष्टीत तिसऱ्या भागात एक बाई मरतेच. ती कोण हे आधी कळलं की मग पहिल्या भागात ती हसते, नाचते, टोपीला फुलं लावते, तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष देता येतं. नाहीतर आपण त्या देखण्या तरुणाकडेच बघत बसतो आणि बिचारी आपल्या नजरेसमोरून निघून जाते.

तिची मतं अशीच असायची. लिहिणाऱ्यांना तिने कधी सोडलं नाही. म्हणायची, एखाद्या बाईचं पुढे काय करायचं हे सुचलं नाही की हे तिला खोकला लावतात. चांगली असली तर खोकला, वाईट असली तर बुडायला पाणी. पुरुषाला मात्र कुठला तरी काका मरून इस्टेट ठेवून जातो. लग्नाशी गोष्ट थांबवतात, कारण त्याच्या पुढे गेलं तर खरं लिहावं लागेल. आणि एवढ्या तीन-तीन भागांत कुणी एकदाही चादर धुताना दिसत नाही, मग ते अंथरुणात मरतात तरी कसे, असं विचारून ती स्वतःच हसायची. तरीही वाचायची. वाचून रडायची. जो शेवट पटला नाही तो धुणं पिळता पिळता मनात बदलायची आणि मला सांगायची. तिच्याकडे आल्या की सगळ्या जगायच्या. एकीला तिने कॅनडाला पाठवलं, एकीला शाळा काढून दिली.

घरात तो शब्द काढायची चोरी, म्हणून आम्ही त्या बायकांबद्दल शेजारणींसारखं बोलायचो. जेवणाच्या टेबलावर, ईनॉकच्या नाकासमोर! 'हॅरियटचं कसं चाललंय?' मी विचारी. 'अगं, तिचा तो दीर आलाय परत, तिला काही सुखाने बसू देत नाही,' असं सेलिना म्हणे, आणि ईनॉक सुरी फिरवत म्हणे की कुणाच्या घरातल्या गोष्टी बायकांनी चघळू नयेत. फीबी, त्यांची मुलगी, तेव्हा रांगत होती. ते दिवस चांगले होते. मला वाटतं माझ्या आयुष्यातले तेच चांगले.

मग त्यांना मुलगा झाला, एब्नर, आणि पहिल्याच हिवाळ्यात डांग्या खोकल्याने गेला.

त्याबद्दल मी फार बोलणार नाही. सेलिना बरेच दिवस जेवली नाही. झोपही नाही. चॅपलचे धर्मगुरू, मिनिस्टर, सांत्वनाला आले आणि देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला लवकर नेतो असं म्हणाले, तेव्हा ती चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, 'मग आता त्याला म्हणावं दुसऱ्यांच्या पोरांवर प्रेम कर.' ईनॉकचा चेहरा राखेसारखा झाला. डीकनच्या दिवाणखान्यात, मिनिस्टरांना! मी मनात म्हटलं, बरं बोललीस. पण मनात.

त्या दिवसापासून ईनॉक तिला घाबरायला लागला. हे तो कबूल करणार नाही, पण घाबरलेला पुरुष मला ओळखता येतो, मी आमच्या वडिलांना पाहिलंय. ती खोलीत आली की तो उठून फीबीला उचलून घ्यायचा. आमचे म्हातारे डॉक्टर सगडेन आले. नाडी बघितली, जीभ बघितली, आणि बायकांना जे सांगतात ते सांगून गेले: हिरवा चहा नको, गरम पाण्याची आंघोळ नको, आणि कल्पित गोष्टींचं वाचन तर मुळीच नको, मेंदू पेटतो त्याने. ईनॉक छाती काढून म्हणाला की आमच्या घरात तसलं काही नाहीच. सेलिनाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तिला तेव्हाही पुस्तकं आणून देत होते. का नाही देणार? ती जेवायची ती वाचल्यावरच. ज्या दिवशी पुस्तक नसे त्या दिवशी पाळण्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायची.

हिवाळा सरता सरता एक गोष्ट हाती आली, त्यातली अ‍ॅव्हरिल. नेहमीप्रमाणे आधी तिसरा भाग. अ‍ॅव्हरिलला तिच्याच माणसांनी गोठलेल्या तळ्यावरून एकटीला चालत पाठवलं, आणि बर्फ फुटला. सेलिना त्या तळ्यापाशीच अडकली. पहिला भाग आणला तो उघडेचना. रोज मला सांगे, तिला काढलं पाहिजे गं, अजून वेळ गेलेली नाही. कितीतरी दिवस ती त्या बर्फावर होती. मग एका सकाळी लापशी ढवळताना म्हणाली, 'काढलं तिला. व्हिटबीला आहे. टोप्या शिवते.' आणि बशीभर लापशी खाल्ली. मला वाटलं, आता ही सावरेल.

पण मधल्या एका दिवशी मोलकरणीने तिला धुण्याच्या खोलीत रडताना पाहिलं होतं. चादरीत तोंड खुपसून 'अ‍ॅव्हरिल, अ‍ॅव्हरिल' म्हणत होती, असं तिने ईनॉकला जाऊन सांगितलं. मोलकरणीची काय चूक? तिला वाटलं ते सांगितलं. ईनॉकने सगडेनना पुन्हा बोलावलं, बंद दाराआड दोघं बराच वेळ बोलले, आणि बाहेर आल्यावर ईनॉक माझ्याकडे न बघता म्हणाला की मूरच्या, त्या ओसाड माळरानाच्या, पलीकडे एक चांगली जागा आहे, तिथे तिची काळजी घेतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेड्यांच्या इस्पितळात? सेलिनाला? मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, 'टॅबी, ती त्या पोरीला काही करेल या भीतीने मला झोप लागत नाही गं.' त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचाही पोरगा गेलेलाच होता.

कायद्याने दोन डॉक्टर लागतात. दोघांनी वेगवेगळं येऊन बघायचं आणि लिहून द्यायचं. सगडेननी लिहून दिलं होतं. दुसरा डॉक्टर, लंब नावाचा, गुरुवारी येणार होता. त्याने नाही म्हटलं तर सेलिना घरी राहणार होती. हो म्हटलं तर फीबी आईवेगळी.

मी सेलिनाला सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग? ती लहान मुलासारखी विचारत राहिली, 'मला फीबीपासून लांब पाठवतील?' मी म्हटलं, तोंड सांभाळलंस तर नाही. तिची उजळणी करून घेतली. वार विचारतील, वार सांग. महिना सांग. राणीचं नाव सांग. बाळाबद्दल विचारलं तर देवाची इच्छा म्हण, घशाखाली उतरत नसलं तरी म्हण. आणि पुस्तकांचं अवाक्षर काढू नकोस. सगडेननी बंदी केलीय, ती मोडलीस असं कळलं तर संपलंच. तिने मान हलवली. केस नीट बांधले, राखाडी झगा घातला. इतकी शहाणी, शांत दिसत होती की मला धीर आला.

डॉक्टर लंब तरुण होता, मऊ आवाजाचा. मी कोपऱ्यात विणत बसले आणि कुणी उठवलं नाही. ईनॉक खिडकीपाशी. लंबने वार विचारला, महिना विचारला, सगळं बरोबर. फीबी किती वर्षांची, घरात काय शिजतं, सगळं बरोबर. मग तो पुढे झुकून इतक्या मायेने म्हणाला की माझेसुद्धा हात थांबले, मागच्या आठवड्यात तुम्ही फार रडलात असं कळलं, कशाबद्दल ते मला सांगाल का?

सेलिनाने माझ्याकडे बघितलं. पुस्तकाचं नाव काढायचं नव्हतं. खोटं तिला कधी जमलं नाही. मग आमची सवय तिच्या मदतीला आली, मेली ती सवय.

'एक ओळखीची होती,' ती म्हणाली. 'अ‍ॅव्हरिल. ती बुडाली.'

लंबला वाईट वाटलं. खरंच वाटलं असावं. त्याने विचारलं कुठे, कशी. आणि तिला इतक्या महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं हो! सगळे तिला सांगत होते. हा पहिलाच माणूस ऐकत होता. ती बोलायला लागली. घरच्यांनी तिला एकटीला तळ्यावर पाठवलं, हा मूर्खपणा होता, कुठल्याही बाईने बर्फाकडे बघून सांगितलं असतं की तो धरणार नाही. तिला मारायची काहीच गरज नव्हती. ती फक्त कुणाला नकोशी झाली होती म्हणून मारली. गालांवर रंग आला होता तिच्या. मी सुया आपटल्या, खोकले, लोकरीचा गुंडा खाली पाडला. तिचं लक्ष नाही.

'म्हणून मी तिला काढलं,' सेलिना म्हणाली. 'आता ती व्हिटबीला असते.'

लंबची लेखणी चालू झाली. 'म्हणजे ती जिवंत आहे?'

'माझ्याकडे आहे.'

'तुमच्याकडे मेलेली माणसं जिवंत होतात?'

'काही काही होतात,' ती हसून म्हणाली. थट्टा करत होती. मला माहीत होतं ती थट्टा करतेय. त्याला कसं कळणार?

मग त्याने अगदी हळू विचारलं, 'आणि तुमचं बाळ, मिसेस गार्साइड? तेही?'

तिचं हसू गेलं. खिडकीपाशी ईनॉकने पाठ फिरवली. सेलिना त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, 'माझ्या बाळाला कुणी लिहिलं नव्हतं, डॉक्टर. ते गेलं ते गेलं. त्यात मला काही बदलता येत नाही.'

याच्याइतकं शहाणपणाचं बोलणं त्या दिवाणखान्यात कधी कुणी बोललं नसेल, आणि तिथे तीस-तीस वर्षं डीकन लोक बसून बोललेत. पण लंबची लेखणी हलली नाही. मी वाट बघत होते. त्याने ते लिहिलंच नाही. टीपकागद दाबला आणि उठला.

तेव्हा मला राहवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, डॉक्टर, ती अ‍ॅव्हरिल म्हणजे कादंबरीतली बाई आहे. मीच आणून दिलेली कादंबरी, हवं तर वाचनालयात जाऊन विचारा. ती वेडी नाही, ती वाचणारी आहे, आणि वाचणाऱ्या बायका असंच बोलतात. खरं ते बोलले की सगळं निवळेल, असं वाटलं मला. लहानपणापासून चॅपलमध्ये हेच तर शिकवलं होतं.

लंबने विचारलं, म्हणजे ही अ‍ॅव्हरिल मुळात कधी नव्हतीच? मी म्हटलं नव्हती. तो सावकाश बोलला, जणू मीच पेशंट होते. म्हणाला, सख्खा मुलगा गेल्यावर मिसेस गार्साइड मिनिस्टरांसमोर रडल्या नाहीत. कधीच नसलेल्या बाईसाठी मात्र ऊर फुटेपर्यंत रडल्या, आणि ती व्हिटबीला राहते असं मला सांगतात. मिस गार्साइड, तुम्ही माझं काम सोपं केलंत, आभारी आहे.

आणि ईनॉक? ईनॉक तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. 'या घरात?' एवढंच म्हणाला. 'माझ्या पोरीच्या घरात?' म्हणजे काही किंतु उरला असेल त्याच्या मनात तर तोही मी धुऊन काढला.

सेलिनाला काय झालं ते आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली नाही. उठून जिन्याकडे गेली, वर फीबी झोपली होती, आणि ईनॉक दोन्ही हात पसरून जिन्यात उभा राहिला. तिने त्याला विनवणी केली. 'अहो, नुसतं बघून येते. नुसतं बघू द्या.' त्याने नाही बघू दिलं. दुसऱ्या सकाळी बंद गाडी आली.

त्यानंतर मला पहिल्यांदा भेटू दिलं तेव्हा उन्हाळा होता. जागा घाणेरडी नव्हती, खोटं कशाला बोलू. झाडं, लॉन, लांब व्हरांडे. आणि ऐका, तिथल्या दिवाणखान्यात एक मोठं कपाट होतं, ते कादंबऱ्यांनी भरलेलं! पेशंटांच्या मनाला विरंगुळा म्हणून. सुपरिंटेंडेंट मला कौतुकाने दाखवत होता. मी तिथे उभी राहून हसले, आणि मला हसताना बघून तो जरा मागे सरकला.

सेलिना त्या कपाटाकडे फिरकत नव्हती. पुस्तक हातात घेतलं की जवळची बाई विचारते, कुणाबद्दल वाचताय, ती खरी आहे का, आणि काहीही उत्तर दिलं की ते नोंदतात. तिने मला हे ओठ न हलवता सांगितलं. जवळची बाई म्हणजे तिच्यावर नजर ठेवायला नेमलेली मिसेस पॉगसन, विणकाम घेऊन शेजारीच बसायची, तिच्यासमोरच सगळं बोलायचं. त्या दिवशी सेलिनाने फीबीचं विचारलं आणि ऐकता ऐकता रडू कोसळलं. नोंद झाली: भेटीने प्रक्षोभ होतो. मग पानगळ होईपर्यंत मला येऊच दिलं नाही.

पानगळीत गेले तर ती वाळून गेली होती. फीबीचं नाव घेतलं आणि घेताच पॉगसनकडे बघितलं. 'इथे समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नसतं,' म्हणाली. मग आम्ही हवेबद्दल बोललो.

वसंतात सुपरिंटेंडेंटने ईनॉकला लिहिलं की सुधारणा आहे. त्या बाई आता कल्पनेतल्या व्यक्तींबद्दल बोलत नाहीत, शांत असतात, शिवण करतात. असंच राहिलं तर लवकरच घरी पाठवता येईल. ईनॉकने तो कागद मला स्वतः आणून दाखवला. आम्ही दोघं वर्षभर धड बोललो नव्हतो. तिची खोली साफ करायला सांगितली त्याने. म्हणाला, तूच जा, तुझ्याशी ती बोलते. मी केक केला, फीबीच्या केसांची एक बट घ्यायची म्हणून घेतली आणि परत ठेवून दिली, उगीच पुन्हा रडायला नको.

सेलिना खुर्चीत ताठ बसली होती. केस पांढरे झालेले, तिशीच्या बाईचे. बरी आहेस का, म्हटलं, बरी आहे म्हणाली. पॉगसन शेजारी विणत होती. मी केक कापला. हवा, रस्ते, मेंढ्यांना झालेली कोकरं, सगळं बोलून झालं. आणि मग माझ्या आनंदात माझी जीभ सुटली. मला वाटलं, आता काय, ही तर घरीच येतेय. मी म्हटलं, सेलिना, फीबी वाचायला लागली. एकटी. परवा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती, हाक मारली तरी ओ देईना.

सेलिनाचा चेहरा हलला नाही. टेबलाखालून तिचा हात आला आणि माझं मनगट धरलं. इतक्या जोराने की मी किंचाळले असते. नखं आत रुतत गेली, रुतत गेली. आणि वरती ती पॉगसनकडे बघत, धडा म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखी, स्पष्ट म्हणाली:

'कोण फीबी? मला अशी कुणी माहीत नाही.'

पॉगसनच्या सुया थांबल्या.

मला कळलं. त्या क्षणी कळलं, ती काय करतेय. समोर नसलेल्याबद्दल बोलायचं नाही, तर ती नाही बोलली. परीक्षेला बसली होती बिचारी. घरी यायचं होतं तिला. पण पॉगसन उठून लगबगीने बाहेर गेली होती, आणि थोड्या वेळाने मला सुपरिंटेंडेंटच्या खोलीत बोलावलं.

तो म्हणाला, फार वाईट वाटतं सांगायला, पण आमचा अंदाज चुकला. आधी नसलेल्या माणसांना त्या खरं मानत होत्या, आता पोटच्या मुलीला ओळखत नाहीत. हे उलट जास्त गंभीर आहे. अशा बाईला त्या मुलीजवळ कसं पाठवणार?

मी त्याला समजावलं. अगदी शांतपणे, आवाज न चढवता. म्हटलं, तिला सगळं कळतं, साहेब. तुम्हीच तिला शिकवलंत तेच ती म्हणाली. मुलीचं नाव काढलं तेव्हा तिच्या जिवाचं काय झालं ते मला माहीत आहे, तिने माझा हात धरला होता. खोटं वाटत असेल तर हे बघा. आणि मी बाही वर केली. मनगटावर चार चंद्रकोरी उमटल्या होत्या, दोहोंतून रक्त आलं होतं. याच्याहून मोठा पुरावा आणखी काय असणार, असं मला वाटलं.

तो टेबलावरून वाकला, चष्मा सरळ केला आणि नीट बघितलं.

'हे त्यांनी केलं?' त्याने विचारलं.

'हो,' मी म्हणाले, आणि त्याने लेखणी उचलली.